गुडघा नवा, घर जुनं

नागपूरहून गुडघा बदलून परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत तीन गोष्टी हमखास असतात. एक्स-रेची मोठी फिल्म, गोळ्यांची पाकिटं आणि चार घड्या घातलेला एक कागद. कागदावर आठ-दहा चित्रं असतात. सपाट पलंगावर झोपलेला माणूस पाय उचलतो, टाच सरकवतो, खुर्चीवर बसून गुडघा सरळ करतो आणि शेवटच्या चित्रात कठडा धरून जिना चढतो. चित्रातल्या घराला उंबरठा नाही. तिथे सुतळीची बाज नाही, शेणानं सारवलेलं अंगण नाही, आणि संडासाला जायचं तर सांदवाडीतून उघड्यावरून चालत जावं लागत नाही. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या खेड्यात तो कागद पोचतो, दोन दिवस देवळीत राहतो आणि मग एक्स-रेच्या पाकिटात जातो.

ही पुस्तिका त्या कागदाला गोंदियाच्या घरात आणून बसवण्याचा प्रयत्न आहे. तिच्यात नवा व्यायाम एकही नाही. जगभर जे सांगतात तेच सांगितलं आहे, पण बाज, पाट, चूल, बांधी आणि मंडई धरून सांगितलं आहे. प्रस्तावना लिहिताना माझ्या मनात एकच गोष्ट होती. सर्जनचं काम साधारण दीड-दोन तासांत आटोपतं. नवा गुडघा कामाला लागतो तो पुढच्या तीन महिन्यांत, घरात आणि घरच्यांच्या हातून. बिघडतो तोही बहुधा तिथेच.

आधी इथल्या गुडघ्यांबद्दल. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आहे, आणि धान हे वाकून करायचं पीक आहे. पऱ्हे उपटायचे ते वाकून, रोवणी करायची ती घोटाभर चिखलात मागे मागे सरकत, निंदायचं आणि कापायचं ते उकिडवं बसून. त्याआधी मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपानं तोडायची आणि मग त्या पानांची पुडकी मांडी घालून बांधायची. बिडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन दिवसच्या दिवस भुईवर बसत आल्या आहेत. गुडघ्याची झीज काही केवळ यानं होत नाही. वय, वजन, घराण्यातला वारसा, जुनी दुखापत हे सगळं त्यात येतं, आणि बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षा अधिक होतो. पण उकिडवं बसण्याचा हिशोब गुडघा ठेवतोच. बीजिंगमधल्या एका मोठ्या अभ्यासात तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसलेल्या लोकांमध्ये म्हातारपणी गुडघ्याची झीज जास्त आढळली. आपल्याकडच्या रोवणीवाल्या बाईला हे सांगायला संशोधक लागत नाही.

गुडघा बदलता येतो ही गोष्ट महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली ती मुंबईतून, एका माणसामुळे. 10 ऑक्टोबर 2000 रोजी ब्रीच कँडी रुग्णालयात तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलला. शस्त्रक्रियेसाठी डॉ. चित्तरंजन राणावत न्यूयॉर्कहून आले होते. हे राणावत इंदूरला शिकलेले, आणि 1970च्या दशकात न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत ज्या गटानं आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ नमुना घडवला, त्या गटातले. सर्जन जॉन इन्सॉल यांच्यासोबत त्यांचं नाव त्या 'टोटल कॉन्डायलर' गुडघ्याशी जोडलं जातं. वाजपेयींचा उजवा गुडघा जून 2001 मध्ये त्याच रुग्णालयात बदलला आणि जुलैच्या मध्याला ते आग्र्याच्या शिखर परिषदेत पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष परवेझ मुशर्रफ यांच्यासमोर होते. पंचाहत्तरी गाठलेला माणूस दुसऱ्या गुडघ्यानंतर महिना-सव्वा महिन्यात हळूहळू का होईना, चालताना दूरदर्शनवर दिसत होता. डॉक्टरांच्या शंभर व्याख्यानांनी झालं नसतं ते त्या चालण्यानं केलं. त्याचबरोबर एक गैरसमजही पसरला. पंतप्रधानांच्या पाठीशी चोवीस तास असलेली माणसं पडद्यावर दिसत नव्हती, त्यामुळे गुडघा बदलला की आपोआप चालता येतं असं लोकांना वाटू लागलं.

तेव्हा हा मोठ्यांचा आजार आणि मोठ्यांचा इलाज होता. तो खाली उतरायला आणखी सतरा वर्षं लागली. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं 16 ऑगस्ट 2017 रोजी गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण सांध्याला 54,720 रुपये, वर जीएसटी. त्याआधी त्याच सांध्यावर सरासरी दीड लाखाच्या वर किंमत छापलेली असे. त्या वेळी 'जास्त वाकणारा' म्हणून विकल्या जाणाऱ्या सांध्यासाठी 56,490 रुपयांची मर्यादा होती. ह्या प्रकाराचं आपल्याकडे फार आकर्षण आहे, कारण प्रत्येकाला पुन्हा मांडी घालून बसायचं असतं. त्यासाठी कुणी जादा पैसे मागत असेल तर एवढं ध्यानात असू द्या की त्या सांध्यानं प्रत्यक्षात गुडघा लक्षणीय जास्त वाकतो असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. नवा गुडघा किती वाकेल हे सगळ्यात जास्त कशावरून ठरतं, तर जुना किती वाकत होता यावरून. त्याखालोखाल, पहिल्या दोन महिन्यांत तुम्ही तो किती वाकवला यावरून.

शस्त्रक्रियेत काय करतात ते थोडक्यात. मांडीच्या हाडाचं झिजलेलं टोक कापून त्यावर धातूची टोपी बसवतात, नडगीच्या हाडावर धातूची चकती बसवतात, दोहोंच्या मध्ये टणक प्लास्टिकची गादी ठेवतात. काही वेळा गुडघ्याच्या वाटीच्या मागेही प्लास्टिकचा तुकडा लावतात. 'गुडघा काढला' असं गावात म्हणतात, पण हाडांचं फक्त तोंड बदललेलं असतं. स्नायू तेच, कातडी तीच, नसा त्याच. वर्षानुवर्षं लंगडून दुबळा झालेला मांडीचा पुढचा स्नायू शस्त्रक्रियेनंतर पहिल्या महिन्यात आणखी दुबळा होतो, इतका की निम्म्याहून अधिक जोर गेलेला असतो. धातू पहिल्या दिवसापासून तुमचं वजन पेलतो. म्हणून तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी नर्स उभं करते. पेलत नसते ती मांडी. पुढची सगळी मेहनत तिच्यासाठी असते.

पहिले सहा आठवडे या पुस्तिकेत सगळ्यात जास्त पानं घेतात, आणि ते योग्यच आहे.

घरी आल्यावर पहिली चूक उशीची होते. पाय ठणकतो, गुडघ्याखाली उशी सरकवली की बरं वाटतं, घरातली माणसं मायेनं ती सरकवतात, आणि गुडघा अर्धवट वाकलेल्या अवस्थेत दिवसेंदिवस पडून राहतो. न वाकणाऱ्या गुडघ्याची सगळ्यांना धास्ती असते. सरळ न होणाऱ्या गुडघ्याकडे कुणी लक्ष देत नाही. खरं तर चालायला सरळ होणारा गुडघा आधी लागतो. तो दहा अंश जरी वाकलेला राहिला तर पाय आखूड पडल्यासारखा होतो, मांडी सतत ताणलेली राहते आणि माणूस शंभर पावलांत थकतो. म्हणून उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहील अशी, आणि मांडी आवळून गुडघ्याची मागची बाजू खाली दाबा. दुखेल. ते दुखणं या कामातलंच आहे.

वाकवण्याचं गणितही सांगून ठेवतो, कारण आकडा समोर असला की माणूस जिद्दीनं करतो. दोन आठवड्यांत, म्हणजे टाके निघण्याच्या सुमाराला, काटकोनापर्यंत यावं अशी अपेक्षा असते. जिना उतरायला आणि खुर्चीतून हात न टेकता उठायला त्याहून थोडं जास्त लागतं. बहुतेकांचा नवा गुडघा शेवटी 110 ते 125 अंशांत थांबतो. उकिडवं बसायला 130च्या पुढे जावं लागतं. म्हणजे रोजची सगळी कामं होतील, उकिडवं बसणं मात्र बहुधा होणार नाही. हे ऑपरेशनच्या आधी कुणीतरी तोंडावर सांगायला हवं. जगभरात साधारण पाचातला एक माणूस गुडघा बदलल्यावर पूर्ण समाधानी नसतो, आणि त्या नाराजीत न सांगितलेल्या अशाच गोष्टींचा मोठा वाटा असतो.

आता घराकडे येऊ. आमगावकडच्या एका घरात मी जे पाहिलं ते सांगतो. आजी ऑपरेशन करून आल्या होत्या. बाज जुनी, सुतळी सैल, मध्ये झोळ पडलेला. बसल्या की कंबर गुडघ्यांच्या खाली जायची आणि उठताना दोन माणसं काखेत हात घालून ओढायची. नातवानं एका दुपारी बाजेवर जुन्या दाराची फळी टाकली, फळीवर गादी घातली, चारही पायांखाली दोन-दोन विटा सरकवल्या आणि त्या हलू नयेत म्हणून भोवती माती थापली. संध्याकाळी आजी एकट्या उठल्या. वॉकरच्या पायांची रबरी टोपणं सारवलेल्या अंगणात सडा पडला की घसरत होती. सडा दुपारी टाकायचा, आजी सकाळी आणि संध्याकाळी कोरड्यात चालणार, असं सुनेनं ठरवलं. उंबरठा वीतभर उंच होता. तिथे आत-बाहेर एकेक सपाट दगड बसवला आणि आजींना पाठ करून घेतलं: चढताना चांगला पाय पुढं, उतरताना ऑपरेशनचा पाय पुढं. त्या ते देवाच्या नावासारखं पुटपुटत उंबरठा ओलांडायच्या. या सगळ्याला एक दिवस लागला आणि खर्च जवळजवळ शून्य. ऑपरेशनच्या आधी केलं असतं तर पहिले आठ दिवस ओढाताणीत गेले नसते.

संडासाचं मात्र इतकं सोपं नाही. गावोगाव सरकारी अनुदानातून शौचालयं उभी राहिली, पण ती बसकी, अरुंद, आणि दारात एक उंच पायरी. मधोमध भोक असलेली प्लास्टिकची किंवा लोखंडी खुर्ची गोंदियाच्या बाजारात मिळते, ती भांड्यावर बसते. पण ती दारातून आत जाते का हे आधी मोजावं लागतं. वॉकर आत वळत नाही, म्हणून भिंतीत हाताला पकडायला एक पाइप घट्ट बसवावा. अंघोळीला पाट नको, उंच स्टूल हवं. रात्री उजेड हवा. हे वाचताना किरकोळ वाटतं, पण पहिल्या महिन्यात माणसं पुष्कळदा रात्री संडासाला जातानाच पडतात.

आता जरा अवघड विषय. एकाच गावात एकाच महिन्यात ऑपरेशन झालेले बाबाजी आणि माय यांची तुलना केली की दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. बाबाजींना घर उठू देत नाही. पाणी हातात, ताट मांडीवर, तंबाखू उशाशी. 'तुम्ही बसा जी, आम्ही आहोत ना.' महिन्याभरात त्यांचा गुडघा लाकूड होतो. दुसरीकडे माय पंधराव्या दिवशी चुलीपुढे असते, कारण तिच्याशिवाय भात कोण शिजवणार, आणि चूल भुईवर आहे म्हणून ती भुईवर बसते. तिचा गुडघा सुजतो, तापतो, मग ती घाबरून व्यायामच सोडून देते. दोघांचंही नुकसान होतं आणि दोन्हीला कारण घरातली रीत आहे. मला विचाराल तर पुरुषाच्या घरच्यांनी सेवा कमी करावी आणि बाईच्या घरच्यांनी ती सुरू करावी. बाबाजींचा पाण्याचा तांब्या मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. मायसाठी शेगडी ओट्यावर चढवा, ओटा नसेल तर टेबलावर, आणि सहा आठवडे भाकरी थापायला दुसरं कुणी येऊ द्या.

फिजिओथेरपिस्ट हा शब्द गोंदिया शहरात सगळ्यांना माहीत आहे. देवरीच्या पलीकडे तो माणूस रोज घरी येणं शक्य नाही. त्याच्या जागी मालिशवाला येतो, हाडवैद्य येतो, मोहाच्या बियांचं तेल घेऊन शेजारीण येते. तेलानं कातडीला आराम पडतो, टाक्यांची जागा सोडून आणि हलक्या हातानं कुणी लावलं तर बिघडत नाही. पण पोटरी चोळणं आणि गुडघा जोरानं दाबून वाकवणं, या दोन गोष्टी कुणालाही करू देऊ नका. ऑपरेशननंतर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. त्यासाठीच रक्त पातळ करणारं औषध देतात आणि पंजे वरखाली हलवायला सांगतात. पोटरी एकाएकी सुजली, दुखून कडक झाली, किंवा छातीत दुखून दम लागला, तर रात्र असो की पोळा, तडक दवाखाना गाठा. तसंच टाक्यांतून पाणी किंवा पू येणं, ताप भरणं, दिवसागणिक वाढत जाणारी लाली. अशा वेळी गावातल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक घेऊन वाट पाहत बसू नका, ऑपरेशन केलेल्या सर्जनलाच दाखवा.

ज्यांना घाबरायचं कारण नाही अशा गोष्टीही पुष्कळ आहेत, आणि लोक नेमके त्यांनाच घाबरतात. गुडघा हाताला गरम लागणं महिनोन्‌महिने चालतं. सूज संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते, तीन ते सहा महिने हा खेळ चालतो. व्रणाच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढी जागा बधिर राहते, पुष्कळदा कायमची. चालताना आतून टकटक आवाज येतो, तो धातू-प्लास्टिकचा. पहिले काही आठवडे रात्रीची झोप येत नाही आणि माणूस चिडचिडा होतो. हे घरच्यांना ठाऊक असलं की 'एवढा पैसा घालून काय झालं' हे वाक्य तोंडाशी येऊन परत जातं.

पूर्व विदर्भापुरत्या दोन-तीन गोष्टी वेगळ्या सांगायलाच हव्यात. इतर ठिकाणच्या पुस्तकांत त्या सगळ्या सापडतीलच असं नाही. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याकडे आहे. ऑपरेशनच्या आधी ती तपासणी झालेली असावी, आणि ज्याला तो आजार आहे त्याच्या गुडघ्यावर बर्फ ठेवू नये, कारण थंडीनं सिकलसेलचं दुखणं उसळू शकतं. बाकीच्यांना सुजेसाठी बर्फ उत्तम, ओल्या टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. दुसरी गोष्ट चिखल्यांची. रोवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडतात, कातडी पांढरी होऊन फुटते. तिथून जंतू शरीरात शिरले तर ते नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात, आणि धातूवर बसलेला जंतू औषधानं सहजासहजी जात नाही. पाय पूर्ण कोरडे आणि अखंड झाल्याशिवाय ऑपरेशनला जाऊ नये. सडका दात, लघवीची जळजळ, वाढलेली साखर यांचंही तेच. तिसरी गोष्ट खर्रा. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. सर्जन हे सांगतो, रुग्ण मान डोलावतो आणि वॉर्डाच्या मागच्या जिन्यावर पन्नी उघडतो. निदान ऑपरेशनच्या आधी महिनाभर आणि नंतर जखम भरेपर्यंत तरी बंद ठेवा. आणि गुडघ्यात इंजेक्शन घेऊन हंगाम काढण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याबद्दल लपवू नका. मागच्या तीन महिन्यांत गुडघ्यात स्टेरॉईडचं इंजेक्शन घेतलं असेल तर संसर्गाचा धोका वाढतो, सर्जनला ते कळायलाच हवं.

इथपर्यंत बरं होण्याचं झालं. पुढे काय, हा प्रश्न बहुतेक पुस्तिका विचारतच नाहीत. आपला माणूस मात्र पहिल्याच भेटीत विचारतो: 'औंदा रोवण्याले जाता येईल का जी?'

औंदा नाही. पुढच्या वर्षीही घोटाभर चिखलात उलटं सरकत रोवणी करू नये असंच माझं मत आहे. चिखलात पाय रुततो, वरचं शरीर वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. पण शेतात जाणं आणि चिखलात उतरणं यात फरक आहे. तीन महिन्यांनी धुऱ्यावरून काठी घेऊन फिरता येतं, पाणी कुठं चाललं ते पाहता येतं, खळ्यावर खुर्ची टाकून काम पाहता येतं, उभ्यानं पाखडता येतं. काठी ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे इथे मुद्दाम सांगतो कारण पुष्कळ जण उलटी धरतात. बिडी खुर्चीवर बसून, समोर टेबलावर सूप ठेवून वळता येते. पहिले चार दिवस हात चुकतो, मग बसतो. ऑपरेशनची तारीखही हंगाम पाहून घ्यावी. धान घरात आल्यावर हिवाळ्यात ऑपरेशन केलं तर उन्हाळाभर पाय मोकळा होतो आणि पहिला पाऊस येईपर्यंत माणूस कोरड्या जमिनीवर भरपूर चाललेला असतो. फक्त हिवाळ्यात गोंदियाचा पारा विदर्भात बरेचदा सगळ्यात खाली असतो, गुडघा सकाळी आखडतो, आणि शेकोटीभोवती सगळे उकिडवे बसतात. तुम्ही खुर्ची घेऊन बसा. चार दिवस हसतील.

सायकल हा या जिल्ह्यातला सगळ्यात चांगला आणि सगळ्यात दुर्लक्षित फिजिओथेरपिस्ट आहे. जिममधली व्यायामाची सायकल नसली तरी चालतं. घरातली जुनी सायकल दुहेरी स्टँडवर लावली की मागचं चाक अधांतरी फिरतं. सीट पूर्ण वर घ्या, मागून कुणालातरी सायकल घट्ट धरू द्या आणि पायडल आधी फक्त पुढे-मागे झुलवा. गुडघा एकशे पाच-दहा अंशांपर्यंत आला की एक दिवस पायडल पूर्ण फिरतं. तो क्षण पाहण्यासारखा असतो, माणूस थांबायलाच तयार नसतो. रस्त्यावर सायकल चालवणं मात्र तोल पक्का झाल्यावर, आणि उतरताना ऑपरेशनच्या पायावर धपकन उडी न मारता. चालणं, सायकल, तलावात पोहणं, संथ नाच, सगळं चालतं. धावणं, उड्या, डोक्यावर जड ओझं घेऊन चढण चढणं टाळावं. त्यानं प्लास्टिकची गादी लवकर झिजते. नीट वापरला तर हा सांधा टिकतो. वेगवेगळ्या देशांतल्या नोंदी एकत्र करून 2019 मध्ये मांडलेल्या हिशोबात सुमारे 82 टक्के गुडघे पंचवीस वर्षं टिकल्याचं दिसलं. साठीतल्या माणसाला याहून जास्त काय हवं.

आणि माणूस काही फक्त कामासाठी चालत नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक चालतं. भुईवर बसून पहाटेपर्यंत नाटक पाहणारी पिढी गुडघ्यामुळे घरी बसू लागली आहे, हे मला आजारापेक्षा वाईट वाटतं. खुर्ची बरोबर न्या, मागच्या रांगेत बसा आणि प्रत्येक अंकाला उठून मंडपाला एक फेरी मारा. तासन्‌तास पाय लोंबता ठेवून बसलात तर सूज येईल, एवढंच. माघ पौर्णिमेला कचारगडला, महाशिवरात्रीला प्रतापगडला जायची ज्यांची आस आहे त्यांनी ती सोडू नये. पण वर्ष जाऊ द्या. आणि लक्षात ठेवा की गुडघ्याला चढणं सोपं, उतरणं कठीण. कचारगडच्या गुहेपर्यंत दमानं पोचता येईल, परतीच्या वाटेसाठी काठी आणि एक धट्टाकट्टा नातू लागेल.

पैशांबद्दल थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्याशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. तुमच्या शस्त्रक्रियेला तिथे मंजुरी मिळते का हे भरती होण्याआधी त्यालाच विचारा, दलालाला नको. 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. 

एक मागणीही करतो. बाळंतिणीच्या घरी आशाताई ठरलेल्या दिवशी जाते, बाळाचं वजन करते, धोक्याची लक्षणं पाहते. गुडघा बदललेल्या माणसाच्या घरी अशी एकही ठरलेली भेट नाही. गोंदियाला 2016 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या अस्थिरोग आणि फिजिओथेरपीच्या लोकांनी तालुक्यातल्या आशाताईंना दोन दिवस शिकवलं, तर चिघळणारे टाके, सुजलेली पोटरी आणि उशीवर पडून राहिलेला गुडघा त्या वेळेत ओळखतील. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे, म्हणून मोबदल्याशिवाय हे काम त्यांच्या गळ्यात मारू नये.

पुस्तिका रुग्णासाठी आहे, पण ती वाचावी सुनेनं, लेकानं, नातवानं. ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर आजच घरातल्या बाजेची उंची मोजा. बसल्यावर कंबर गुडघ्यांच्या वर राहत नसेल तर खाली विटा लावा, आणि संडासाच्या दारातून खुर्ची आत जाते का ते पाहून या. पहिलं प्रकरण त्यानंतर उघडा.